आधी पडदा, मग माणूस

फोटोत दोन मुलं आहेत, बहीण आणि भाऊ. दोघांच्या मध्ये एक बुटका, गादी लावलेला टेकू. त्यावर रेलून त्यांनी एकमेकांचा हात धरला आहे. अंगावर जाड लोकरीचे कपडे, पाय अनवाणी आणि धुळीनं काळवंडलेले. खाली दगडी फरशी, मागे रंगवलेला कापडी पडदा, तोही डागाळलेला. मुलं अगदी लहान आहेत, पण चेहरे लहान मुलांचे नाहीत. हसणं नाही, लाजणं नाही, लेन्सला घाबरणंही नाही. घरातल्या एखाद्या गंभीर बैठकीला थोरांच्या बरोबरीनं बसवावं, तशी ती उभी आहेत. पेरू देशातल्या कुस्को या अँडीज पर्वतातल्या शहरात, डिसेंबर १९४८मध्ये काढलेला हा फोटो. काढणारा अर्विंग पेन, न्यू यॉर्कच्या ‘व्होग’ मासिकाचा फोटोग्राफर. काही दिवसांपूर्वीच तो लिमा शहरात मॉडेलला नवे कपडे घालून तिचे फोटो काढत होता.

हे दोन्ही प्रकारचे फोटो एकाच माणसानं काढले यात मला मुळीच विसंगती दिसत नाही. उलट फॅशनमधून कुस्कोत आणि कुस्कोतून पुन्हा फॅशनमध्ये, हाच पेनचा खरा रस्ता आहे असं मला वाटतं. लोक त्याची दोन वेगळी दालनं करतात. एकीकडे लेखक-चित्रकारांची गंभीर व्यक्तिचित्रं, दुसरीकडे पोटापाण्याची फॅशन. पेनचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले की ही वाटणी टिकत नाही.

पेन फोटोग्राफर व्हायला निघालाच नव्हता. जन्म १९१७चा, न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डचा. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. धाकटा भाऊ आर्थर पुढे ‘बॉनी अँड क्लाइड’चा दिग्दर्शक झाला. अर्विंग फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत आलेक्सी ब्रोदोविच यांच्या हाताखाली डिझाइन शिकला. ब्रोदोविच ‘हार्पर्स बझार’चे कलादिग्दर्शक होते. पानावरची मोकळी जागा वाया गेलेली नसते, ती मजकुराइतकंच काम करते, हे त्यांनी एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात उतरवलं. १९३८मध्ये पेननं रोलिफ्लेक्स कॅमेरा विकत घेतला, पण फिरता फिरता दुकानांच्या पाट्या नि काचा टिपण्यापुरताच. मनात चित्रकार व्हायचं होतं. त्यासाठी तो वर्षभर मेक्सिकोत जाऊन राहिला, रंगवत राहिला, आणि अखेर आपली चित्रं सुमार आहेत असं त्यानं स्वतःच ठरवलं. कॅनव्हासवरचे रंग खरवडून धुऊन काढले आणि ते कापड टेबलावर अंथरायला वापरलं. स्वतःच्या कामाबद्दल इतका निर्दय निवाडा पंचविशीत करणारा माणूस पुढे फोटोत काय काय खरवडून काढील, याची कल्पना इथेच यायला हवी.

१९४३मध्ये कलादिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांनी त्याला ‘व्होग’मध्ये घेतलं. काम होतं मुखपृष्ठांच्या कल्पना सुचवायचं. फोटो इतरांनी काढायचे. त्या इतरांना पेनच्या कल्पना रुचेनात. मग लिबरमन म्हणाले, तूच काढ. १ ऑक्टोबर १९४३च्या अंकावर पेनचं पहिलं मुखपृष्ठ आलं आणि त्यात माणूसच नव्हता. तपकिरी चामड्याची पर्स, स्कार्फ, हातमोजे, संत्री, लिंबं आणि एक मोठा पुष्कराज. फॅशनच्या मासिकावर एक स्थिरचित्र. पुढे त्यानं ‘व्होग’ची दीडशेहून अधिक मुखपृष्ठं केली, पण सुरुवात अशी वस्तूंपासून झाली हे मला महत्त्वाचं वाटतं. हातमोजा आणि लिंबू यांच्यात किती अंतर ठेवायचं, हे ज्यानं आधी शिकून घेतलं, तो मग माणसाला जागेवर उभं करताना त्याच बारकाईनं पाहतो.

आपल्याकडे फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षही लिंटास या जाहिरात संस्थेच्या फोटो विभागातून चेहऱ्यांकडे आले. दोघांच्या फोटोंत साम्य फारसं नाही. राजाध्यक्षांचा उजेड लाडका, मायाळू, तर पेनचा कोरडा. पण छापील पानावर चेहरा कसा बसतो याचं भान दोघांनाही कॅमेऱ्याच्या आधी आलं होतं. असे लोक फ्रेममध्ये उगाच काही ठेवत नाहीत.

युद्धकाळात पेन रुग्णवाहिकेचा चालक म्हणून इटलीत आणि नंतर भारतातही होता. परत आल्यावर ‘व्होग’नं त्याला नामवंतांची व्यक्तिचित्रं काढायला सांगितली. इथे त्याच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. समोर येणारी माणसं फोटो काढून घेण्यात मुरलेली. प्रत्येकाची छबी आधीच ठरलेली. अशांना मोकळ्या जागेत उभं केलं की ती आपोआप आपापलं प्रसिद्ध रूप घेऊन उभी राहणार. १९४८मध्ये पेननं नाटकाच्या सेटला लावतात तशा दोन उंच भिंती घेतल्या आणि त्या एकमेकींना चिकटवून एक अरुंद, टोकदार कोपरा तयार केला. त्यात माणसाला उभं केलं. बस्स, एवढंच.

या कोपऱ्यात काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. लेखक ट्रूमन कपोटी तेव्हा विशी ओलांडून थोडाच पुढे गेलेला. तो खुर्चीवर गुडघे टेकून, अंगापेक्षा मोठ्या कोटात बुडून गेला आहे. आणि ते बालिश, हट्टी रूपच त्याचं खरं हत्यार आहे हे फोटो लपवत नाही. कलावंत मार्सेल दुशाँ तोंडात पाइप धरून अशा सहजतेनं भिंतीला टेकलाय, जणू ही जागा त्याच्यासाठीच बांधली होती. चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ कोपऱ्याच्या खोबणीत इतकी अरुंद, इतकी सरळ उभी आहे की ती बाई आहे की काळी उभी रेघ, असं क्षणभर वाटतं. मुष्टियोद्धा जो लुईस कोपऱ्यात बसलेला पाहिला की रिंगचा कोपरा आठवल्याशिवाय राहत नाही. कुणी भिंतींना रेटतो, कुणी त्यांचा आधार घेतो, कुणी त्यात दडतो. शब्द न बोलता प्रत्येकजण काहीतरी कबूल करून जातो.

पेनची चतुराई अशी की त्यानं सेट लपवला नाही. भिंतींच्या कडा दिसतात, स्टुडिओची फरशी आणि तिच्यावरचा कचरा दिसतो. म्हणजे पाहणाऱ्याला फसवायचं नाही. हा बनवलेला कोपरा आहे हे तुम्हालाही ठाऊक, आत उभ्या असलेल्यालाही ठाऊक, आणि तरीही अडचण खरी आहे. मला मात्र वाटतं की या मालिकेत थोडी दांडगाईही आहे. काही फोटोंत कोपराच जास्त बोलतो आणि माणूस फक्त त्यात भरलेला दिसतो. युक्ती सापडली की ती लवकर सवय होते. पेनलाही हे जाणवलं असावं, कारण या कोपऱ्याला तो फार काळ चिकटून राहिला नाही.

मग आलं पेरू. ‘व्होग’नं त्याला जीन पॅचेट या मॉडेलबरोबर लिमाला पाठवलं. पॅचेटनं नंतर सांगितलेली हकीकत अशी की पेन दिवसामागून दिवस तिला घेऊन हिंडायचा आणि फोटोच काढायचा नाही. ती वैतागली. एका कॅफेत बसल्या बसल्या दमून तिनं पायातली चप्पल काढली आणि गळ्यातला मोत्यांचा सर दातात धरला. तेव्हा पेन म्हणाला, अस्सं, थांब! तो फोटो प्रसिद्ध आहे. पुढे एक पुरुष, धूसर आणि अर्धवट, आणि टेबलापलीकडे ती, विचारात हरवलेली, दातात मोती. कपडे दिसतात, पण आपण कपड्यांकडे पाहत नाही. हिचं आणि याचं काय चाललंय, हे पाहतो. फॅशनच्या फोटोत गोष्ट शिरली ती अशी, एका कंटाळ्याच्या क्षणातून. आता असं काढणं फार सोपं वाटतं, जाहिरातींत रोज दिसतं. १९४९मध्ये ‘व्होग’च्या वाचकांना ते नवं होतं.

काम संपलं, मंडळी परतली, पेन एकटा कुस्कोला गेला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. तिथे त्याला दिवसाच्या उजेडावर चालणारा एक जुना स्टुडिओ दिसला. आपल्याकडे तालुक्याच्या गावी जे फोटो स्टुडिओ असायचे, सणाला नवे कपडे घालून कुटुंबं ज्यांच्या पायऱ्या चढायची, त्याच जातीचा. पेननं तो नाताळात भाड्यानं घेतला. मालकाला सुट्टी दिली. डोंगरातल्या वाड्यांतून नाताळच्या बाजाराला आलेली माणसं नेहमीप्रमाणे फोटो काढायला आली, तर आत हा परका गोरा माणूस. आणि फोटोचे पैसे त्यांनी द्यायच्या ऐवजी तोच त्यांना देऊ लागला.

मुलांचा तो फोटो या खोलीतला. तो नजर इतकी का धरून ठेवतो, याचा विचार केला की मला कोपऱ्यातल्या मालिकेची आठवण होते, पण उलट्या बाजूनं. न्यू यॉर्कमध्ये पेनला माणसाची तयार छबी मोडायची होती. कुस्कोत येणारी माणसं आपली छबी घडवायला आली होती. वर्षातून एकदा, कदाचित आयुष्यात एकदा, पडद्यापुढे नीट उभं राहायचं, इतकं त्यांना ठाऊक होतं. कसं उभं राहायचं हे पेननं सगळं ठरवलं नसावं. टेकूवर रेलणं, हात धरणं, समोर पाहणं, ही अशा स्टुडिओंची जुनी रीतच होती. पेननं ती रीत मान्य केली आणि उजेडाला आपलं काम करू दिलं. बाजूनं येणारा मऊ उजेड लोकरीची वीण, पायांवरची धूळ, गालांची चमक या सगळ्यांना सारखीच किंमत देतो. कपडा आणि त्वचा यांत भेद करत नाही. हे फॅशन फोटोग्राफरचं डोळस कसब आहे. कापड कसं पडतं, कुठे दुमडतं, किती जड आहे हे ज्यानं रोज पाहिलं, त्यालाच त्या मुलांच्या अंगावरचे थर असे दिसतात.

आणि तरीही या फोटोवर जी टीका होते तिच्यात तथ्य आहे. डोंगर, बाजार, भाषा, घर, सगळं पडद्याआड गेलं. मुलांची नावं नाहीत. त्यांना थोडे पैसे मिळाले, आणि त्याच फोटोच्या प्रती आज लिलावात फार मोठ्या रकमांना विकल्या जातात. याच शहरात मार्तीन चाम्बी हा केचुआ शेतकरी कुटुंबातला फोटोग्राफर १९२०च्या सुमारापासून स्टुडिओ चालवत होता. आपल्याच माणसांचे, लग्नांचे, पंचायतींचे, राबणाऱ्यांचे फोटो काढत होता. चाम्बीचा फोटो पाहिला की त्या माणसांच्या पाठीमागे एक अख्खं शहर असतं. पेनच्या फोटोत तसं काही नसतं. पेनची मुलं सुंदर आहेत आणि एकटी आहेत. माझ्या मते हे दोन्ही मान्य करूनच तो फोटो पाहावा. सौंदर्यानं टीका पुसली जात नाही आणि टीकेनं फोटोही उणा होत नाही.

कुस्कोतून पेन एक गोष्ट घेऊन परतला. मोठा, जुनाट, मळकट पडदा आणि एका बाजूनं येणारा उजेड. १९५०मध्ये ‘व्होग’नं त्याला पॅरिसला नव्या हंगामाचे पोशाख टिपायला पाठवलं, तेव्हा रू द व्होजिरार रस्त्यावरच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर त्याला हवी तशी खोली मिळाली. पूर्वी तिथे फोटोग्राफीची शाळा होती. पडद्यासाठी त्यानं नाटकाचा जुना रंगवलेला पडदा घेतला, ढगाळ करड्या छटांचा. तो पडदा पेननं आयुष्यभर सोडला नाही. पुढे कित्येक दशकं तो त्याच्यासोबत राहिला.

त्याच पडद्यापुढे लिसा फोन्साग्रीव्ह उभी राहिली. स्वीडनमध्ये जन्मलेली, नृत्याचं शिक्षण घेतलेली लिसा त्या काळची सर्वांत नावाजलेली मॉडेल होती. त्याच वर्षी तिनं पेनशी लग्न केलं. रोशास या घराण्याच्या मत्स्यकन्येसारख्या पोशाखातला तिचा फोटो मी अनेकदा काढून पाहतो. अंगाला चिकटलेला लांब झगा गुडघ्यांखाली एकदम उलगडतो, माशाच्या शेपटीसारखा. चेहरा आपल्याकडे नाहीच. पडद्याच्या कडा आणि जमीन दिसते, म्हणजे सगळं इथेही उघड आहे. भिरभिरतं शहर, गाड्या, जिने, कारंजी, ज्यांनी त्या काळच्या फॅशनच्या फोटोंना गजबज दिली होती, त्यातलं काहीही नाही. रिचर्ड ॲव्हेडन त्या काळात पॅरिसच्या रस्त्यांत, कॅफेंत मॉडेलना पळवत, नाचवत होता. पेननं लिसाला थांबवलं. एक उभी बाई, एक कपडा, एक राखी पोकळी.

पण ही बाई निव्वळ हँगर नाही. लिसाच्या खांद्यांत आणि मानेत नर्तकीची जाणीव आहे. आपण पाहिलं जातोय हे तिला पुरेपूर माहीत आहे आणि ती ते अभिमानानं पेलते. कुस्कोच्या मुलांना जे नाताळपुरतं करायचं होतं, ते ही रोज करते, धंदा म्हणून. पडद्यापुढे तयार होऊन उभं राहणं हे दोन्ही फोटोंचं काम आहे. फॅशनचा फोटो आणि व्यक्तिचित्र यांच्यामध्ये पेनला भिंत का जाणवली नाही, याचं मला मिळालेलं उत्तर हे आहे. बहुतेक फॅशनच्या फोटोंत बाई कपड्यासाठी उभी असते. पेनच्या चांगल्या फोटोंत ती स्वतःसाठी उभी असते आणि कपडा तिच्याबरोबर येतो.

१ एप्रिल १९५०च्या ‘व्होग’चं मुखपृष्ठ हीच गोष्ट अधिक कडकपणे सांगतं. जीन पॅचेटचा चेहरा, वर रुंद टोपी, जाळीचा बुरखा, काळे ओठ आणि एका बाजूला वळलेले डोळे. बऱ्याच वर्षांनी ‘व्होग’नं कृष्णधवल मुखपृष्ठ छापलं होतं. काळ्या-पांढऱ्याची विभागणी इतकी कोरीव की ते जवळजवळ चित्रलिपीतलं चिन्ह वाटतं. माझ्या चवीला ते थोडं जास्तच थंड आहे. पेन जिथे माणसाला पुरता आकार करून टाकतो, तिथे त्याचं पहिलं मुखपृष्ठ परत डोकावतं, हातमोजे आणि लिंबं. १९८६पासून त्यानं डिझायनर इस्से मियाके यांच्या कपड्यांचे फोटो काढले, तेही मला असेच वाटतात. मियाके कपडे न्यू यॉर्कला पाठवत, फोटो काढताना स्वतः येत नसत. फार सुंदर काम आहे, पण त्यात कपड्याचा आकार इतका विलक्षण की आत माणूस आहे हे विसरायला होतं.

व्होजिरारच्या खोलीत मात्र १९५०च्या त्या हंगामात वेगळीच ये-जा होती. झग्यांतल्या मॉडेल उतरायच्या आणि त्याच जिन्यानं कोळसेवाले, खाटीक, पाववाले, सुरीला धार लावणारे वर चढायचे, आपापल्या कामाच्या कपड्यांत, हातात आपापली अवजारं घेऊन. पडदा तोच, उजेड तोच. ही मालिका पुढे लंडन आणि न्यू यॉर्कमध्येही झाली. कोळशाच्या भुकटीनं माखलेला अंगरखा पेनच्या कॅमेऱ्यासमोर पॅरिसच्या पोशाखाइतकाच देखणा होतो. अर्थात यात एक धोका आहे. गरिबीचं कापडही मग पोत म्हणून छान दिसू लागतं. पेननं १९६०च्या दशकात प्लॅटिनम वापरून हाताने प्रती काढायला सुरुवात केली आणि जुने फोटोही त्या पद्धतीनं पुन्हा छापले. त्या प्रतींत करड्या रंगाच्या छटा इतक्या दाट, मखमली येतात की हा धोका वाढतो. १९५०च्या मूळ प्रतींत अजून थोडी खरखर आहे, आणि मला तीच बरी वाटते.

पेननं नंतर या मालिकेबद्दल जे लिहून ठेवलं त्यातला एक तपशील मला फार आवडतो. पॅरिसच्या कामगारांना हे सगळं संशयास्पद वाटलं, पण पैसे मिळणार म्हणून ते आले. लंडनच्या कामगारांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. आपल्या कामाच्या कपड्यांत फोटो काढून घेणं ही जगातली सर्वांत रास्त गोष्ट आहे, अशा थाटात ते हजर झाले. न्यू यॉर्कवाल्यांनी मात्र सगळा बेत उधळला. कामाच्या कपड्यांत या, असं सांगूनही काही जण दाढी करून, रविवारचा काळा सूट चढवून आले. हॉलिवूडकडे जाणारी आपली पहिली पायरी हीच, अशी त्यांची खात्री होती. पेनच्या लिखाणात हे सौम्य चेष्टेनं येतं. मला मात्र ते सूटवाले त्याच्या सगळ्या पद्धतीवरचं सर्वांत चोख भाष्य वाटतात. आपण कसं दिसायचं हे फोटोग्राफरनं ठरवू नये, आपणच ठरवावं, असं त्यांना वाटत होतं. कुस्कोच्या स्टुडिओत पेनला हीच गोष्ट फार लोभस वाटली होती. घरच्या शहरात, स्वतःच्याच कल्पनेच्या आड आल्यावर, ती त्याला विनोदी वाटली.

पुढे १९६७पासून पेन कापडाचा एक फिरता स्टुडिओ-तंबू घेऊन दाहोमे, नेपाळ, कॅमेरून, न्यू गिनी, मोरोक्को इथे हिंडला. ती छायाचित्रं ‘वर्ल्ड्स इन अ स्मॉल रूम’ या १९७४च्या पुस्तकात आहेत. तंबू ही ना त्यांची जागा ना माझी, तिथे आम्ही बरोबरीनं भेटतो, असा त्याचा दावा होता. तंबू कोण आणतो, पडदा कोण टांगतो आणि छायाचित्र कुठे छापलं जातं, हे पाहता ती बरोबरी मला पटत नाही. पण आत शिरलेल्या माणसांनी ती जागा अनेकदा आपली करून घेतली, हे त्याच पुस्तकातले फोटो सांगतात. ते श्रेय पेनचं जितकं, तितकंच त्यांचंही.